जास्त किलोओहम म्हणजे हार्ड रॉक नव्हे

‘हार्ड रॉक वाजवायचं तर सगळ्यात जास्त किलोओहमचा पिकअप घ्या’ हा इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपवरच्या (तारांची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. १९७०च्या दशकातला तो आवाज बहुतांशी गिब्सन कंपनीच्या ‘पीएएफ’ या जुन्या पिकअपच्या धाटणीच्या हंबकरचा (दोन कॉइलच्या पिकअपचा) आहे: अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा) मॅग्नेट आणि साधारण ७.५ ते ८.५ किलोओहम. खरं डिस्टॉर्शन (तो फाटलेला, खरखरीत आवाज) यायचं ते जोरात चालवलेल्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) अँपमधून. शिवाय किलोओहम हा पिकअपच्या कॉइलमधल्या तारेचा रोध आहे, आउटपुट नव्हे. वेढे तेवढेच ठेवून तार बारीक घेतली तरी आकडा वाढतो.

नागपुरात आमच्या सरावाच्या खोलीत मित्राच्या गिटारवर १६ किलोओहमचा सिरॅमिक पिकअप होता. अँपचा गेन वाढवला की कॉर्डचा नुसता चिखल. त्याजागी ८ किलोओहमचा अल्निको ५ बसवला, तर तार न् तार वेगळी ऐकू यायला लागली, आणि गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला की आवाज स्वच्छ! हे लेखात यायलाच हवं होतं. आणि हो, नवीन मागवण्याआधी आहे तो पिकअप तारांपासून थोडा खाली करून बघा. गिटारच्या व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पॉट (बदलता रोध) २५० किलोओहमचे असतील तर तेही ५००चे करा, नाहीतर महागडा हंबकरसुद्धा दबलेलाच वाजेल.