बेडमागे कमाई किती?

शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटल चेनचा तिमाही निकाल उघडून बघा, त्यात 'आरपॉब' नावाचा आकडा हमखास सापडेल. भरलेल्या एका बेडमागे दिवसाला सरासरी किती कमाई झाली, तो हा आकडा. वाढला की गुंतवणूकदार खूश.

आता यातली गोम बघा. ऑपरेशन, तपासण्या, आयसीयू, बिलाचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच होतो. नंतर माणूस नुसता पडून बरा होत असतो, सिस्टर ताप बघतात, ड्रेसिंग बदलतात, त्यात कमाई फारशी नाही. म्हणजे बरं व्हायचे जे दिवस, नेमके तेच हा आकडा खाली ओढतात! लवकर घरी सोडणं पुष्कळदा पेशंटच्या हिताचंच असतं, इन्फेक्शनचा धोका कमी होतो, मान्य. पण तो निर्णय पेशंटकडे बघून झाला की आकड्याकडे, हे बाहेरून कळायला काही मार्गच नाही.

दुसरा शब्द 'पेयर मिक्स'. कॅशवाले किती, इन्शुरन्सवाले किती, सरकारी योजनेतले किती. महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन आलेली बाई या हिशोबात 'मिक्स' बिघडवणारी ठरते. आणि धर्मादाय हॉस्पिटलांना तर हायकोर्टाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे 10 टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावेच लागतात, तो त्या लोकांचा हक्क आहे, पण काउंटरवर अजूनही 'गरीब कोटा' असं म्हणतात आणि तेही सगळ्यांसमोर मोठ्याने.

माझी भाची डॉक्टर आहे, एका खाजगी हॉस्पिटलात. तिच्याकडे दर महिन्याच्या मीटिंगमध्ये 'कन्व्हर्जन' विचारतात, म्हणजे ओपीडीत आलेल्यांपैकी किती जण ॲडमिट झाले. ती म्हणाली, मावशी, एखाद्याला ऑपरेशनची गरज नाही असं सांगितलं की माझा आकडा पडतो. मला हे ऐकून खरंच भीती वाटली, कारण ती पोरगी मनापासून पेशंट बघणारी आहे, पण रोज हेच कानावर पडत राहिलं तर पाच वर्षांनी ती समोरच्या माणसाकडे कशी बघेल?

आणि आपणही तसंच बोलायला लागलोय. "एवढे पैसे मोजलेत, मग पेशंट गेलाच कसा?" पैसे भरले की जीव वाचण्याची गॅरंटी मिळाली असं धरून चालतो आणि मग राग निघतो ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरवर. महाराष्ट्रात 2010 पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, तरी मारहाण थांबलेली नाही.

सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली ते बरंच झालं, दाद मागायला जागा मिळाली. पैशाचं बोलूच नये असं मी म्हणत नाहीये. उलट दर आधी उघड सांगा, लपवू नका. पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरसमोर बसलेला माणूस पेशंटच असला पाहिजे, टार्गेट नाही.

राज्याच्या 2021 च्या नियमांप्रमाणे नर्सिंग होममध्ये दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात लावलीय का ते बघा आणि फोटो कमेंटमध्ये टाका. नसेल लावली तर रिसेप्शनवर शांतपणे विचारा, कुठे आहे म्हणून.