सरांच्या वह्यांची शिवण उसवू नका

आमच्या चित्रकलेच्या सरांना जाऊन वर्ष होत आलं. घरी लोखंडी ट्रंकेत त्यांची चाळीसेक स्केचबुकं आहेत, सगळी प्रवासातली. त्यातली निवडक पानं काढून, फ्रेम करून सोलापुरात प्रदर्शन लावायचं घरच्यांच्या मनात आहे. प्रदर्शन व्हायलाच हवं. पण पानं काढू नका, हे मी काकूंना हात जोडून सांगितलं आणि इथंही सांगतोय.

परवा एक वही घेऊन बसलो. सुरुवातीला सिद्धेश्वर तलाव, किल्ल्याच्या बाजूनं. मग माचणूरचा घाट, नुसत्या पेन्सिलीत. मग हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमाची काठाची रेघ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलीय, मधल्या शिवणीवरून गेलीय. पान काढलं की भीमा एका फ्रेमीत आणि सीना दुसऱ्या!

पुढे त्याच वहीत कोकण लागतं आणि हातच बदलतो. एप्रिलच्या सोलापुरात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकून ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो. म्हणून इथला माळ, बाभळी, कडब्याच्या गंजी, सगळं कोरड्या ब्रशनं ओरखडल्यासारखं. कोकणात जूनमध्ये कागद वाळायचं नाव घेत नाही. तिथला डोंगर आभाळात विरघळलाय आणि त्याचा ओला रंग समोरच्या पानावर उमटलाय. दोन्हीकडची हवा अशी लागोपाठ हाताला लागते ती वही चाळतानाच.

शिवाय कडेच्या नोंदी. ‘ज्वारी पिवळी नाही, राखाडीत हळद. ११.४०. ऊन सोसवेना.’ फ्रेम करताना चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, लावला की पहिल्यांदा झाकलं जाईल ते हेच. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर १८७३ ते १८७५ मध्ये हिंदुस्थानभर फिरला, तोही चित्रावरच तारीख, वेळ, रंगांची नावं लिहून ठेवायचा आणि मग सवडीनं शाई-रंग भरायचा. जागेवर बसून काढणाऱ्याला ते लिहावंच लागतं. ऊन थांबत नाही.

इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर १८५१ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे ३०० स्केचबुकं राहिली. कलासमीक्षक रस्किननं त्यांतून निवड करताना काही वह्यांची पानं सुटी केली, फ्रेम करवली. टर्नरसाठी आयुष्यभर भांडलेला माणूस तो, जिव्हाळ्यानंच केलं त्यानं. पण पुढच्या अभ्यासकांना कुठलं पान कुठल्या वहीतलं हे जुळवत बसावं लागलं.

काकूंनी विचारलं, “अरे, मग लोकांना बाकीची पानं दिसणार कशी?” प्रश्न रास्त आहे. वही काचपेटीत उघडी ठेवायची, रोज सकाळी एक पान उलटायचं. शेजारी सगळ्या पानांचे स्कॅन, कडेच्या नोंदींसकट, मूळ क्रमानं. स्कॅनिंगचं काम मी अंगावर घेतलंय, रविवारपासून सुरू करतोय. सरांच्या कुणा विद्यार्थ्याला हातभार लावायचा असेल तर या. काकू अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण कुडलची वही त्यांनी फ्रेमवाल्याकडून परत आणवलीय.