रेवदंडा-कोर्लई एका दिवसात करायचं असेल, तर काशीद-जंजिरा विसरा

मित्रमंडळींचे ग्रुप रेवदंड्यात दहा मिनिटं थांबतात, दरवाजात फोटो काढतात आणि मुरूडकडे सुटतात. हे थांबावं असं मनापासून वाटतं. अलिबागच्या दक्षिणेला कुंडलिका खाडीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई आहे. हे दोन वेगळे किल्ले म्हणून पाहिले तर काहीच कळत नाही. 1521च्या सुमारास पोर्तुगीजांना अहमदनगरच्या निजामशहाकडून इथे पाय रोवायला परवानगी मिळाली आणि तटबंदीचं गाव उभं राहिलं. 1570-71 मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घातला, पण गाव पडलं नाही. मग निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढवायचं ठरवलं, कारण तिथून खाडीचं तोंड आणि रेवदंडा दोन्ही माऱ्यात येतात. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो डोंगरच घेतला. 1740 मध्ये दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. म्हणून क्रमही असाच ठेवा. सकाळी रेवदंडा, उन्हं कलल्यावर कोर्लई.

तारीख ठरवताना सुट्टीआधी तिथी बघा. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट पुळणीवरून, त्याच्या पायथ्याने चालत बघायचा असतो आणि भरतीला लाटा थेट दगडांवर आपटतात. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, सप्तमीला सव्वापाच. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, पंचमी ते सप्तमीचा दिवस धरा. पौर्णिमा-अमावास्येला नेमकी दुपारी बाराच्या आसपास भरती, तीही उधाणाची, त्यामुळे तटाखालची वाट मिळत नाही. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता एकदा ताडून घ्या.

मुंबईहून गेटवे-मांडवा बोट, तिथून अलिबाग, पुढे रेवदंडा साधारण सतरा किलोमीटर. गेटवेच्या कॅटमरान बोटी पावसाळ्यात बंद असतात. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. रस्त्याने यायचं तर शनिवारी वडखळला अडकायची तयारी ठेवा किंवा पहाटे साडेपाचच्या आत घर सोडा. गाडी नसेल आणि चार-पाच जण असाल तर अलिबागहून दिवसभरासाठी मिनीडोर रिक्षा ठरवणं सगळ्यात सोयीचं. मुरूडची एसटी रेवदंड्यावरून, साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जाते, पण फाट्यावर सोडते आणि गाव आत आहे.

रेवदंड्यात गाव किल्ल्याच्या पोटातच वसलंय, रस्तासुद्धा दरवाजातून जातो. वर मान करून पोर्तुगीज राजचिन्ह बघा, बहुतेकांचं ते राहून जातं. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उरलेत. त्यावर चढायला जाऊ नका. बरेच अवशेष नारळी-सुपारीच्या खाजगी वाड्यांत आहेत, तेव्हा आधी हाक मारा, विचारा, मग आत जा. पाडलेली सुपारी वाळत घातलेली असते, ती तुडवू नका. जेवण सकाळी पोचतानाच सांगून ठेवा. छोट्या खानावळीत दीड वाजता आठ माणसं अचानक टपकली तर तासभर बसावं लागतं.

कोर्लईला साडेतीनच्या आधी चढू नका. डोंगराच्या कण्यावर लांबट, अरुंद किल्ला आहे आणि सावली जवळजवळ नाहीच. दीपगृहाच्या मागून पायऱ्या आहेत, पंधरा-वीस मिनिटांत वर. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या, वरच्या टाक्यावर विसंबू नका. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, उतरताना माणसं घसरतात ती तिथेच. चॅपलच्या अवशेषांपाशी उभं राहून उत्तरेला बघितलं की सकाळी फिरलेलं सगळं रेवदंडा पायाशी दिसतं.

आता कोर्लई गावाबद्दल, आणि हे कळकळीने. इथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली क्रिओल, म्हणजे मिश्र भाषा बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण शेजारच्या मराठीमुळे क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलेलं. मराठी माणसाला याचं अप्रूप वाटायलाच हवं. पण म्हणून दारात उभ्या असलेल्या मावशींसमोर मोबाइल धरून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणायचं नसतं. त्यांना मराठी उत्तम येतं. मराठीत नमस्कार करा, माशांचा भाव विचारा, दोन गोष्टी बोला. त्या आपसात बोलायला लागल्या की भाषा आपोआप कानावर पडते.

सूर्यास्तापर्यंत वर थांबलात तर मांडव्याची शेवटची बोट मिळणार नाही. परतीची सोय अलिबागहून रस्त्याने करून ठेवा, आणि पूर्ण अंधार पडायच्या आत पायऱ्या उतरून दीपगृहापाशी या.