एक पोस्टकार्ड तरी टाका

रविवारी साताऱ्याच्या काकांना फोन लावला की एखादा विषय पेटतोच. परवा निमित्त झालं २०२३ च्या टपाल कायद्याचं. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं दाखवून सरकारला कुणाचंही टपाल अडवता, उघडता येतं. असंच विधेयक १९८६ मध्येही संसदेत मंजूर झालं होतं. राष्ट्रपती झैलसिंगांनी सही केली नाही, ते लटकलं. काकांचं मात्र ठरलेलं पालुपद, "अरे, कर नाही त्याला डर कशाला?"

मी राहतो पूर्व बर्लिनमध्ये. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा कॉफीला बोलावून त्यांची श्टाझीची, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, फाइल दाखवली होती. १९९२ पासून ज्याची त्याला ती बघता येते. सगळे कागद ओळीने लावले तर १११ किलोमीटर भरतात म्हणे. आजींच्या फाइलीत पश्चिम जर्मनीतल्या हानोव्हरच्या बहिणीला लिहिलेल्या पत्राची फोटोकॉपी. पाकीट वाफेवर उघडायचं, कॉपी काढायची, पुन्हा चिकटवून पाठवून द्यायचं. पत्रात काय, तर केकची कृती आणि सासूचं गुडघेदुखीचं रडगाणं. 'उन्हाळ्यात कदाचित भेटू' या ओळीखाली मात्र पेन्सिलीची रेघ. आजींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "मी कुठे जाणार होते? पश्चिमेकडे जायचा माझा अर्ज तर त्यांनी आधीच फेटाळला होता."

आता इथलं सगळं सोवळं आहे असं नाही. पत्राची आणि फोनची गुप्तता राज्यघटनेच्या दहाव्या कलमात आहे, तरी परदेशातल्या परक्या माणसालाही हे संरक्षण आहे, हे हेरखात्याला ऐकवायला २०२० मध्ये घटना न्यायालय लागलं. पण एक गोष्ट मला इथली आवडते. हेरखात्याने कुणावर पाळत ठेवली, तर ती संपल्यावर त्या माणसाला कळवायचं असा नियम आहे. उशीर होतो, कधी कळवतही नाहीत. पण वर्ष उलटूनही गप्प राहायचं तर एका स्वतंत्र आयोगाची संमती लागते.

आपल्याकडे फोन ऐकायचा हुकूम गृहसचिव काढणार, तो तपासणार सचिवांचीच समिती, न्यायाधीश कुठेच नाही. सहा महिन्यांनी कागद सहसा नष्ट. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितलं खरं, पण आपला हक्क मोडला हेच ज्याला ठाऊक नाही, तो कोर्टाची पायरी चढणार कशाच्या जोरावर? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणातले असे हुकूम रद्द केले, पण तिथे गुन्हाच दाखल झाला होता आणि ते संभाषण पुरावा म्हणून पुढे आलं होतं. म्हणजे आरोपीला निदान कळलं तरी. काकांसारख्या 'कर' नसलेल्या माणसाला तेही कळायचं नाही.

हे सगळं ऐकवून काकांना म्हटलं, कागद जाळायच्या आधी सरकारने त्या माणसाला साधं एक पोस्टकार्ड टाकायला काय हरकत आहे?

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पोस्टकार्ड नको. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात. बंद पाकिटातनं पाठवा म्हणावं."