पहिला डबा निपाणीला गेला

अभ्यासाच्या सगळ्या भारी भारी पद्धती ज्यांनी काढल्या, त्या सगळ्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली असणार आणि तिला आतून कडी असणार, याबद्दल माझी खात्री आहे. आमचं घर बेळगावच्या वडगावात, एकामागं एक तीन खोल्या, मला मधली मिळालीय, म्हणजे पुढचा माणूस मोरीत जायचा असो की मागचा माणूस दूध आणायला जायचा असो, तो माझ्या पुस्तकावरनंच जाणार. भिंतीपलीकडं पावरलूम. सकाळी माग सुरू झाला की रात्रीपर्यंत खटाक खटाक. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात एवढ्या आवाजात एमबीबीएसचा अभ्यास होतो कसा. होतो की! उलट लाईट गेली, माग थांबला की माझं डोकं पण थांबतं, मग मी उठून चहा करते.

नीटच्या वर्षी बाबांचा एकच नियम होता, पहाटे चारला उठायचं, पहाटे वाचलेलं विसरत नाही म्हणे. 180 प्रश्न, 720 मार्क, चुकलं की एक मार्क कट, आणि पेपर दुपारी दोनला, तेव्हा चारला उठलेला माणूस जांभया देत असतो हे मी सांगून बघितलं. पुढं फर्स्ट इयरला वाचलेलं झोपेत पक्कं होतं हे कळल्यावर मी ते पण घरात जाहीर केलं, तर बाबा म्हणाले, "फी झोपायला भरलीय काय गं?"

तर फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमी अंगावर आली आणि मी ठरवलं की आता स्वतःत सुधारणा करायची. व्हिडिओ बघितले. सगळ्यात सोपी वाटली ती पोमोडोरो. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटलीतल्या एका कॉलेजच्या पोरानं 1980 च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेतलं आणि 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं सुट्टी असं सुरू केलं. छान आहे, पण त्या पोराच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार. आमच्याकडं पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, आलं की पुस्तक जिथं आहे तिथं ठेवायचं आणि कळशी घ्यायची. त्यातून उठलेच आहे म्हणून आज्जीला गोळ्या काढून द्यायच्या, आणि गोळ्या काढल्याच आहेत म्हणून कुठली कशासाठी ते सांगायचं, आणि शेजारची मावशी बसलीच आहे म्हणून तिच्या पण सांगायच्या. आमच्याकडं 5 मिनिटं अभ्यास आणि 25 मिनिटं सुट्टी अशी पद्धत नैसर्गिकरीत्याच चालू होती.

बरं, वाचलं तरी राहतंय कुठं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये हे मांडून ठेवलंय. तो अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करायचा आणि किती विसरलो ते स्वतःच मोजायचा, तासाभरात निम्म्याच्या वर गायब. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, मनगटातली आठ हाडं मी पाठ करायचे आणि कळशी भरून येईपर्यंत चार उरायची.

मग सापडली डब्यांची पद्धत. ही पण जर्मनच, सेबास्टियन लाइटनर, 1972. प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड, पुढं प्रश्न मागं उत्तर. आलं तर कार्ड पुढच्या डब्यात जाणार, नाही आलं तर परत पहिल्या डब्यात, आणि पहिला डबा रोज बघायचा. म्हणजे पहिला डबा न येणाऱ्यांचा. आता बेळगावात रिकाम्या डब्यांना काय तोटा, कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईचे, बॉक्स प्रत्येक घरात कपाटावर पडलेले असतात. मी चांगले स्वच्छ बघून घेतले, वर रबर लावलं आणि ओळीनं मांडले. पहिला गच्च भरलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे. दिसायला फार शिस्तीचं दिसत होतं.

त्या रविवारी निपाणीची आत्ती आली होती. निघताना आज्जीनं, पोरगी रिकाम्या हातानं जाते म्हणून, सगळ्यात जड बॉक्स उचलून तिच्या पिशवीत घातला.

रात्री फोन.

"काय गं, हे कुंदा म्हणून काय दिलंय आज्जीनं? हे जेवण आवरून चमचा घेऊन बसलेत."

"आत्ती, ते माझं ब्रेकियल प्लेक्सस आहे! हाताच्या नसांची कार्डं!"

"असू दे की. कुंदा कुठाय?"

मी म्हटलं फोटो काढून पाठव सगळ्यांचे. आत्ती म्हणाली, "फोटोबिटो मला जमत नाही, मी वाचते, तू सांग." आत्ती एसेस्सेल्सी, म्हणजे दहावी, पास आहे आणि इंग्लिश अक्षर न् अक्षर लावून वाचते. पहिलंच कार्ड तिनं काढलं, रेडियल नर्व्ह दुखावली तर काय होतं? मी सांगितलं, मनगट लोंबतं, वर उचलता येत नाही. तिकडं शांतता, मग म्हणाली, "बरोबर आहे. पण मागं बोटांचं पण लिहिलंय, ते सांगितलं नाहीस." झालं. मालिका संपली की रोज फोन. चुकले की कार्ड खाली, आणि बरोबर आलं तरी "अंदाजानं सांगितलंस" म्हणून कधी कधी खालीच. इतका कडक एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, मी अजून बघितला नाही.

(याला पण आधार निघाला. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलंय की नुसतं परत परत वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची परीक्षा घेत राहणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं, पण येतंय असं जास्त वाटतं ते वाचणाऱ्यांनाच. आत्तीला हे सांगितलं नाही, तिला आणखी जोर चढला असता.)

एकदा फोन स्पीकरवर टाकून मी कळशी भरत होते, तेवढ्यात शेजारचे मागवाले काका आत आले. त्यांना माझ्याकडंच यायचं होतं. रात्री उजव्या हाताची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, झोपेतनं उठून हात झटकला की बरं वाटतं. मी घाईनं विचारलं, करंगळी? "करंगळीला काय नाही." मी आठवायला लागले, अंगठा, त्याच्या शेजारची दोन, चौथ्या बोटाची अर्धी बाजू...

"मिडियन नर्व्ह!" निपाणीहून आवाज आला. "मनगटात दाबली जात असंल!"

काका फोनकडं बघायला लागले. "ह्या कोण मॅडम?"

"काका, हे चांगल्या डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं. आत्ती म्हणाली, "होय वो, दाखवाच, आमची अजून फर्स्ट इयरलाच आहे."

काकांनी खरंच दाखवलं आणि तेच निघालं. गल्लीत मात्र नाव आत्तीचं झालं, आता ती आली की लोक हात पुढं करून येतात. माझं म्हणाल तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेमकं तेच, मनगटात मिडियन दाबली जाण्याचं कार्पल टनेलच आलं. सरांनी विचारलं, बोटं बधिर होतात पण तळव्याची कातडी का नाही? मी सांगितलं की तळव्याची शाखा आधीच वेगळी होऊन मनगटातल्या, नस दाबणाऱ्या पट्ट्याच्या वरनं जाते, आणि सांगताना डोक्यात आत्ती अक्षर लावत वाचत होती, म्हणून मी पण जरा सावकाशच बोलले. सरांना वाटलं, विचार करून बोलते पोरगी.

पास झाले. सेकंड इयर सुरू झालं. म्हटलं आत्ती, आता हातांचा डबा परत दे, रिकामा झाला असंल. तर म्हणे अजून एक कार्ड आहे त्यात. अल्नर नर्व्ह कोपराजवळ कापली तर बोटं कमी वाकडी होतात आणि मनगटाजवळ कापली तर जास्त, हे का? मी म्हटलं, अगं वर कापली की बोटं वाकवणारा खोलवरचा स्नायू पण निकामी होतो, मग ओढणार कोण, सांगितलं की मी हे, मार्क पण मिळाले.

"ते युनिव्हर्सिटीनं दिले," आत्ती म्हणाली. "माझ्याकडं अडखळली होतीस. राहू दे पहिल्यातच. आणि पायाचा डबा पाठवशील तेव्हा वर थोडा कुंदा घाल, हे रोज विचारतात."