सहा कोंबड्या आणि आईची भाजणी

इंदुरात राहून कोंबड्यांचं सोयाबीन तोडणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरणं. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ सालापासून याच गावात आहे. पण लेकीने पुण्याहून फोनवर फर्मान काढलं, "बाबा, विकतचं खाद्य बंद. घरीच करा, अख्ख्या धान्याचं, आणि सोयाबीन अजिबात नको." ती अंडी खायला वर्षातून दोनदा येते, हे आपलं जाता जाता सांगितलं.

सियागंजात यादी दिली: मका, गहू, ज्वारी, बाजरी, हरभरे, जवस, तिळाची पेंड. कोंबड्यांसाठी म्हटल्यावर दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "भिया, सोयाबीन खिलाओ ना!" कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, हे मी त्याला समजावू लागलो. तोवर तो पुढच्या गिऱ्हाइकाचा गूळ तोलू लागला होता.

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत. मका-ज्वारीत ती दहाच्या आतबाहेर. उरलेली भर हरभऱ्यावर आणि पेंडीवर. त्यातून मेथिओनिन म्हणून प्रथिनांतल्या एका घटकाची भानगड असते. ती हरभऱ्यात कमी, तिळात बरी. बँकेत आयुष्यभर ताळेबंद जुळवले, पण हा जुळवायला तीन रात्री गेल्या. कोंबडीमागे ११० ग्रॅम, म्हणजे सहाजणींना रोज ६६०. स्वयंपाकघरातला काटा बाहेर नेला, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "अहो, परत आणताना धुऊन आणा."

पहिल्या दिवशी परात मांडली. सहाही जणींनी आधी मका संपवला. मग गहू. बाजरी तशीच, आणि पेंडीचा भुगा तळाशी. आमची तांबडी तर पोह्यातली मिरची ताटाच्या कडेला काढणाऱ्या नातवासारखी ज्वारी चोचीने परातीबाहेर उडवत होती. कागदावर १६ टक्के, पोटात नुसता मका!

आठवड्याभराने अंडं उचलताना अंगठा सरळ आत गेला. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. शिंपल्यांचा चुरा देतात म्हणे. पण इंदूरला समुद्र कुठला आणायचा? मग अंड्यांचीच टरफलं वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवली. निवडानिवडीवर उपाय म्हणून धान्य रात्रभर भिजवायचं आणि पेंड वरून चोळायची ठरवलं. पाच किलो धान्य मिसळून डब्यात भरलं आणि डबा स्वयंपाकघरात ठेवला. पेंड वेगळी ठेवली होती, हे घराचं नशीब.

दुसऱ्या दिवशी डबा रिकामा. आई म्हणाली, "भाजणीत तांदूळ नव्हते, उडीद नव्हते, धणे-जिरे नव्हते. जवस कोणी घातले? मी सगळं नीट करून, भाजून चक्कीवर पाठवलं."

रात्री काकडीची थालीपीठं झाली. मी चार खाल्ली. उरलेलं एक कुस्करून सकाळी परातीत टाकलं, तर तांबडीने काही न निवडता फस्त केलं.

आई दारातून बघत होती. "अरे, कोरडंच दिलंस? लोणी आहे ना फडताळात."