फ्रिज रात्री बंद ठेवायचा नसतो

‘घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्मार्ट प्लग लावा, अ‍ॅपमध्ये वेळा टाका, वीजबिल निम्मं करा!’ हा मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. (स्मार्ट प्लग म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारा, अ‍ॅपवर ठरवलेल्या वेळी वीज चालू-बंद करणारा प्लग.) आमच्याकडे तो आत्याकडून आईला आला आणि आईने तो मनावर घेतला. परवा रात्री बाबा पाण्यासाठी उठले, फ्रिज उघडला, तर आतला दिवाच लागेना. मेसेजात सांगितल्याप्रमाणे फ्रिज ११ ते ६ बंद. ती तिसरी रात्र होती. दाराच्या कप्प्यात बाबांच्या इन्सुलिनचा खोका होता, पुठ्ठा ओला होऊन मऊ पडलेला.

म्हणून आधी हाच मुद्दा. ‘रात्री फ्रिज कोणी उघडत नाही, मग सात तास कॉम्प्रेसर फुकट का चालवायचा?’ अहो, तो सलग सात तास जोरात चालतच नसतो! पुरेसं थंड झालं की फ्रिज स्वतःच त्याला थांबवतो किंवा मंद करतो. प्लगने वीज तोडली की जी काही बचत होते, ती आतल्या वस्तू गरम झाल्यामुळेच होते. सकाळी पुन्हा थंड करायला कॉम्प्रेसर दामटून चालतो, ते वेगळंच. वीज गेल्यावर काय करावं, याबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना अगदी स्पष्ट आहे: दार उघडलं नाही तर फ्रिजमधलं अन्न साधारण ४ तास सुरक्षित राहतं, आणि नाशवंत पदार्थ ४ अंश सेल्सियसच्या वर २ तासांहून जास्त राहिले तर टाकून द्यावेत. ही सूचना अडचणीच्या वेळेसाठी आहे. मेसेज मात्र तीच अडचण रोज रात्री, सात तास, आपल्या हाताने घडवून आणायला सांगतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. औषधवाल्याला विचारलं आणि अख्खा खोका टाकून दिला.

दुसरा धोका गीझरचा. वेळ लावून गीझर चालवण्यात गैर काही नाही, पण साध्या १० अँपिअरच्या प्लगवर नाही. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २३०० वॉट; ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. प्लग तापतो, वितळतो, आग लागू शकते. मेसेजात याबद्दल एक अक्षर नाही.

‘एसी बंद-चालू केल्याने जास्त वीज जाते, घरी नसतानाही चालूच ठेवा.’ साफ चूक. कोणी नसताना खोली तापली तर तापू द्या, तेवढी वीज खरोखर वाचते. खोली रिकामी असते, फ्रिज रिकामा नसतो, एवढा साधा फरक आहे.

‘बंद केलेली उपकरणंही स्टँडबायमध्ये, म्हणजे प्लगला जोडलेली असताना, वीज खात राहतात’ हे म्हणणं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. सतत १० वॉट खाणारं जुनं उपकरण वर्षाला जवळपास ८८ युनिट खातं. पण युरोपात २०१३ पासून बहुतेक नव्या उपकरणांना स्टँडबायमध्ये साधारण अर्ध्या वॉटचीच मुभा आहे, आणि वायफायवरचा प्लग स्वतःच एखादा वॉट घेतो. म्हणजे ‘प्रत्येक’ उपकरणाला प्लग लावला तर काही ठिकाणी खर्च वाढेलच. वेळेनुसार दर बदलत असतील तर वॉशिंग मशीन स्वस्त तासांत लावल्याने बिल उतरतं, हेही खरं. युनिट मात्र तेवढीच लागतात.

राहिलं ‘निम्मं बिल’. स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान आपोआप सांभाळणारं यंत्र, विकणाऱ्या नेस्ट कंपनीने २०१५ मध्ये स्वतःच्याच अहवालात हीटिंगवर १० ते १२ टक्के आणि कूलिंगवर १५ टक्के बचत सांगितली, तीही तेवढ्याच भागावर, सगळ्या बिलावर नव्हे. विकणाराच एवढं म्हणतो, मग निम्मं आलं कुठून?

आईचा प्लग आता टीव्हीखालच्या जुन्या साउंड सिस्टिमला लावलाय. बंद असतानाही ती १४ वॉट खाते, हे त्यानेच दाखवलं. आत्याचा फ्रिज मात्र कालपर्यंत रोज ११ वाजता बंद होत होता. तिला फोनवर धरून ठेवलं आणि आधी ते शेड्यूल डिलीट करायला लावलं.